लिनोच्या जमिनीवरची झुडपं

हिनाबायान, लेयते बेट
१४ जानेवारी २०१९

प्रिय मानोय लिनो,

देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे. तू, पेर्ला वहिनी आणि मुलंही खुशाल असाल, तुझ्या गुडघ्याला थोडा आराम पडला असेल, अशी आशा करतो. तुझं नाताळचं पत्र तीन राजांच्या सणाला हातात पडलं. सात आठवडे पाऊस लागून राहिलाय. टपालवाल्याची मोटारसायकल ओढ्यापलीकडेच थांबते, मग कुणी बाजाराला गेलं की येताना सगळ्यांची पत्रं पिशवीत घालून आणतं. तुझं पाकीट सुक्या मासळीच्या पुड्याखाली आलं. वास अजून गेलेला नाही.

गावात नवं फार काही नाही. योलांदा वादळात जे माड आडवे झाले, त्यांच्या जागी लावलेल्यांना यंदा पहिल्यांदा नारळ धरले. चॅपेलचं छप्पर पुन्हा गळतंय आणि नेमकं प्रवचनाच्या जागी, त्यामुळे फादर बाजूला सरकून बोलतात आणि लवकर आटपतात. कुणाची तक्रार नाही. नांग बास्यांगचा वरचा शेवटचा दात पडला. "आता शिव्या अडत नाहीत," असं ती म्हणते. पंच्याहत्तरीला आली तरी दर गुरुवारी रोपांची टोपली डोक्यावर घेऊन आमच्याबरोबर डोंगर चढते. तुला ठाऊक असेल, आम्ही गावकऱ्यांनी संघ केलाय आणि आपल्या डोंगरावरची मूळची झाडं पुन्हा लावतो. कदाचित ठाऊक नसेल. तू कधी विचारलं नाहीस.

गेल्या गुरुवारी वरच्या रानात कागवांग दिसलं. पोटाशी पिल्लू धरलेलं. लहानपणी दिवेलागणीला आपण ओसरीवर बसून त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर अंगाची चादर पसरून तरंगत जाताना पाहायचो, आठवतं? वीस वर्षांत गावात कुणी ते पाहिलं नव्हतं. बायका प्रार्थनेला थांबावं तशा थांबल्या.

आता तुझ्या कामाकडे येतो. जहाजावरची नोकरी संपली, सेबू शहरातली हवा वहिनींना सोसत नाही, म्हणून बाबांनी तुला दिलेल्या जमिनीवर घर बांधून उरलेलं आयुष्य इथे काढायचं, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं. माणसाने शेवटी आपल्या मातीत यावं. घराचा नकाशा सुबक आहे. समुद्राकडे तोंड केलेला व्हरांडा, दिवाणखाना, दोन झोपायच्या खोल्या, मोटारीला जागा. मी तो भिंतीवर लावलाय, रोसेंदाच्या तसबिरीखाली. येता-जाता बघतो.

येत्या फेब्रुवारीत तिला जाऊन एकोणीस वर्षं होतील. पत्रात तू तुझ्या भावजयीचं नाव लिहिलेलं नाहीस. विसरलास असं मी म्हणणार नाही. गडबडीत असशील.

तू लिहितोस, "जमिनीवर एव्हाना झुडपं माजली असतील. पवित्र आठवड्याच्या आत साफ करून घे. इग्मेदियोची करवत घे, दोन दिवसांचं काम आहे." झुडपं आहेत, हे खरं आहे. पण पावसाने वाट निसरडी झालीय, यंत्राची करवत घेऊन वर चढणं जिवावरचं काम. आणि झुडपं जरा मोठी झाली आहेत. घाई करू नकोस. माझं सगळंच तुला नेहमी संथ वाटत आलंय. संथ माणसाचं काम उशिरा होतं, एवढंच.

वहिनींना नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
तासियो

*

हिनाबायान
१९ मार्च २०१९, संत योसेफचा सण

मानोय,

तुझं पत्र मिळालं. पेन इतकं दाबून लिहिलंयस की कागद उलटा केला तरी अक्षरं बोटांना लागतात.

तू मला न विचारता इग्मेदियोला परस्पर पाठवलंस. त्याने तुला काय सांगितलं ते तुझ्या पत्रात आहे. काय घडलं ते मी सांगतो. तो गुरुवारी आला, आमच्या कामाच्या दिवशी. खांद्यावर करवत, नवी टोपी. आम्ही चौदा जण वाटेवर केळी खात बसलो होतो.

नांग बास्यांग म्हणाली, "काय रे इग्मेदियो, सासुरवाडीला निघाल्यासारखा नटून कुठे?"

"कपितान लिनोच्या जमिनीवर. झुडपं काढायची आहेत."

"काढ की. आधी कुठली ती दाखव."

त्याने मान वर केली. मग आणखी वर केली. टोपी पडली. मांडीएवढे बुंधे, काही त्याहून जाड, वर सगळं एकमेकांत मिसळलेलं, खाली दिवसाही संध्याकाळसारखा उजेड. त्याने एका खोडाच्या सालीवर नख ओढलं, वास घेतला. "नांग, हे लावान आहे की!"

"ओळखलंस? तुझ्या बापाने शंभर कापले, तेव्हा तू ओळखणारच."

"मला फक्त सांगितलंय—"

"या गावात आजवर सगळ्यांना फक्त सांगितलंच गेलंय. बस. केळं खा."

त्याने तीन केळी खाल्ली. मग लाज वाटली असावी, रोपांच्या दोन टोपल्या वरपर्यंत वाहून दिल्या आणि करवत पोत्यात गुंडाळून घरी गेला. तुला त्याने 'बायकांनी मारहाण केली' असं कळवलं, ते खोटं आहे.

तू विचारतोस, "माझ्या जमिनीवर कुणाच्या परवानगीने झाडं लावली?"

तुझ्या.

अकरा वर्षांपूर्वी तू जहाजावर असताना मी तुला तीन कागद पाठवले होते. दोन जमिनीच्या कराचे. तिसऱ्यावर असं होतं, की या जमिनीचा मालक आपल्या खुशीने पन्नास वर्षांसाठी ती संपूर्ण जमीन हिनाबायानच्या लागवड संघाला मूळचं रान पुन्हा उभं करायला देत आहे. प्रत्येक झाडाची वनखात्यात नोंद होईल. आणि संघाच्या अध्यक्षाच्या लेखी संमतीशिवाय त्यातलं एकही तोडता येणार नाही. तू तिन्हींवर सही केलीस आणि बरोबर चॉकलेटचा डबा पाठवलास. तू वाचणार नाहीस, हे मी धरूनच चाललो होतो. वाचलं असतंस तर मी थांबलो असतो, असंही त्या वेळी देवाला सांगून ठेवलं होतं.

संघाचा अध्यक्ष मी आहे.

लोक मला भला माणूस म्हणतात, मानोय. फादर प्रवचनात माझं उदाहरण देतात. खोल घळीत, जिथे कापणाऱ्यांचा हात पोचला नाही, तिथे एकच लावान उरला होता. तो पाच-सहा वर्षांत एकदा फळतो. बी भिंगरीसारखं फिरत खाली येतं आणि आठवड्याभरात रुजलं नाही तर मरतं. साठवता येत नाही. म्हणून आम्ही त्याच्या बुडाशी उगवलेली वीतभर रोपं पावसानंतर हलक्या हाताने उपटायचो, पानं अर्धी कातरायचो, ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळून खाली आणायचो आणि बांबूवर प्लॅस्टिक ताणून केलेल्या बंद मांडवात महिनाभर जपायचो. आधी उन्हात झपाट्याने वाढणारी झाडं, मग त्यांच्या सावलीत लावान. बायका खड्डे खणताना मरियेची प्रार्थना म्हणायच्या. मी ओठ हलवायचो. मी दर खड्ड्याला तुझं नाव घेत होतो.

घर तू कुठे बांधशील, हे मला तेव्हाच माहीत होतं. बाबांची झोपडी होती ती सपाट जागा. दुसरी आहेच कुठे? म्हणून सुरुवात तिथूनच केली आणि तिथेच सगळ्यात दाट लावलं. तुझ्या नकाशातल्या व्हरांड्यात आज नाराचं एक झाड उभं आहे. दिवाणखान्यात तीन लावान. वहिनींच्या खोलीत मी मुद्दाम याकाल लावला, त्याचं लाकूड लोखंडासारखं असतं. वादळात इकडची परकी महोगनी काड्यांसारखी मोडली. यांच्यातली बहुतेक वाकली आणि परत उभी राहिली. मी त्या सकाळी वर जाऊन एकेक मोजलं आणि गुडघे टेकले. देवाचे आभार मानले ते कशासाठी, हे देवाला कळलं असेल.

आता कारण. तुला माहीत आहे, तरी एकदा आपल्या दोघांत कागदावर येऊ दे.

तू गावचा कपितान होतास, सगळा कारभार तुझ्या हातात. जत्रेच्या तयारीची सभा म्हणून सगळ्यांना बोलावलंस. कोंबडी घातलेली पेज केली होतीस. जेवण्याआधी हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्यास. त्रेसष्ट सह्या, तिसरी माझी. महिन्याभराने मनिलाहून आलेली माणसं झऱ्यावरच्या उतारावर रंगाच्या खुणा करू लागली, आणि त्यांच्याकडच्या कागदावर वर लिहिलं होतं की हिनाबायानचे आम्ही खालील रहिवासी या तोडीला राजीखुशीने संमती देतो. खाली आमच्याच सह्या. पेजेचा डाग पडलेली नांग बास्यांगचीसुद्धा.

चौदा महिन्यांत उतार बोडका झाला. मग तो फेब्रुवारी. नऊ दिवस पाऊस, दहाव्या दिवशी सकाळी ऊन पडलं, म्हणून बायका साठलेले कपडे घेऊन झऱ्यावर गेल्या. साडेनऊला डोंगर खाली आला. सात जणी. रोसेंदा तिसऱ्या दिवशी सापडली. तिच्या मुठीत माझ्या सदऱ्याची बाही होती.

शवपेट्यांसाठी फळ्या तू दिल्यास. लावानच्या. रंधा मारलेल्या, चांगल्या. त्यानंतर महिन्याने तू जहाजावर गेलास.

एकोणीस वर्षं मी दर रविवारी चॅपेलमध्ये सगळ्यांबरोबर स्वर्गातल्या बापाची प्रार्थना म्हणतो. अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की तोंड मिटतो. पुढच्या ओळीला पुन्हा उघडतो. शेजारच्यांना वाटतं, मला खोकल्याची उबळ येते.

तोडीची परवानगी मिळणार नाही. वकिलाला विचार, तोही हेच सांगेल. जत्रेला यायचं तर ये. झुडपं बघून जा.

तासियो

*

हिनाबायान
८ जुलै २०१९

मानोय लिनो,

तुझं जाड पाकीट मिळालं. त्याचं उत्तर देण्याआधी मे महिन्यात काय झालं ते मला लिहून काढलं पाहिजे. तू तिथे होतास, तरीही. माझ्या बाजूने ते अजून कुठे लिहिलं गेलेलं नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तू वर आलास. पांढरे बूट, काखेत नकाशाची गुंडाळी, मागे इग्मेदियो करवत घेऊन. तू म्हातारा झालायस, हे मला पत्रांतून कळलं नव्हतं. क्षणभर बाबाच येताहेत असं वाटलं आणि मी उठून उभा राहिलो. मग आठवलं आणि पुन्हा बसलो.

तू विचारलंस, "माझी जमीन कुठे आहे?"

"तू तिच्यातच उभा आहेस."

"बाबांची झोपडी?"

मी तीन लावान दाखवले. तू तिथे गेलास, नकाशा जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेस. त्यावर लगेच मुंग्या चढल्या. नांग बास्यांगने टोपली खाली ठेवली.

"कपितान, झोपायची खोली कुठली ते सांगा, म्हणजे आम्ही चपला बाहेर काढतो."

"थट्टा पुरे, नांग. कायद्याने ही जमीन माझी आहे."

"तुमचीच, कपितान. कोण नाही म्हणतंय? झाडं तेवढी आमची. तुम्ही जमीन खालून ओढून घ्या."

बायका हसल्या. इग्मेदियोसुद्धा हसला आणि मग खोकला. मी हसलो नाही, पण तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड क्षण होता, हे कबूल करतो. अकरा वर्षं मी त्याच क्षणाला पाणी घालत होतो.

तू माझ्याकडे वळलास. "मला फसवून सही घेतलीस, हे यांना सांगितलंस का?"

"सांगायला कशाला हवं?" नांग बास्यांग म्हणाली. "ती सही आली त्या दिवशी गावाने डुक्कर कापलं होतं."

मग तू आवाज खाली आणलास. तू आवाज खाली आणलास की मला लहानपणापासून भीती वाटते.

"आणि त्या हजेरीच्या कागदाचं? तेही सांगितलंस? रेघा कुणी मारल्या त्यावर? 'वर चार बोटं जागा कोरी सोड' म्हटल्यावर कशाला हे न विचारता कुणी सोडली? चौदा महिने कंपनीची मुकादमी कुणी केली, तासियो?"

वर कुठेतरी पारवा घुमत होता, तो तेवढा घुमत राहिला.

मी लिहितो आता, कारण गेल्या पत्रात मी ते गाळलं होतं. गावात सुबक अक्षर माझं होतं. तू म्हणालास म्हणून मी पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि वर चार बोटं जागा सोडली. वर मथळा येईल असं मला वाटलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. सह्यांच्या आधी लिहिता येणार नाही असं काहीतरी तिथे येणार, एवढं मला कळलं होतं. तू मुकादमीचा शब्द दिला होतास. मी विचारलं नाही. मानोयला, मोठ्या भावाला, विचारायचं नसतं, ही सबब सोयीची होती. लावानच्या कुठल्या खोडांवर खूण करायची, ते मनिलाच्या माणसांना मी दाखवलं. त्यांना झाडं ओळखता येत नव्हती. डोंगर खाली आला त्या सकाळी मी वरच होतो. आवाज आधी मला ऐकू आला, झऱ्यावरच्यांना नंतर.

घळीतला तो एक लावान तसा वाचला होता. मी त्याच्यावर खूण केली नाही, कारण उतरायचा कंटाळा आला होता. देव माणसाच्या आळसातूनही काम करून घेतो, असं फादर म्हणतील. मी त्यांना सांगितलेलं नाही.

तू खाली निघून गेलास. इग्मेदियो तुझ्याही आधी गेला. नांग बास्यांग माझ्यासमोर आली. तिची लेक लुर्देस त्या सात जणींत होती, सतरा वर्षांची. तिने एवढंच विचारलं, "खरं?"

"खरं."

ती टोपली तिथेच ठेवून उतरली. तीन गुरुवार आली नाही. तिच्यामागे बाकीच्याही आल्या नाहीत. मी एकटा जायचो, मांडवातल्या रोपांना पाणी द्यायचो, परत यायचो. अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून चॅपेलच्या दारावर लावला. चौथ्या गुरुवारी पहाटे ती माझ्या दारात उभी, हातात तोच कागद.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"अक्षर अजून सुबक आहे मेल्या तुझं." तिने कागद फाडला. "घरी बसून रडलास की मोकळा होशील. मोकळं व्हायचं नाही. अध्यक्ष तूच राहायचं, मरेपर्यंत. उचल टोपली."

मी टोपली उचलली. रोसेंदाबद्दल ती काही बोलली नाही आणि लुर्देसबद्दल मी. अर्ध्या वाटेवर तिने मला तिचं उकडलेलं रताळं दिलं, सालीसकट, न बघता.

मग तुझं पाकीट आलं. दानपत्र, सही-शिक्क्यांसह. सगळी जमीन, कायमची, संघाच्या नावावर. मी ते तीनदा वाचलं. खोट शोधत होतो. नाही सापडली. फलकावर नाव नको, असंही तू लिहिलंस. आणि सोबतच्या चिठ्ठीत एकच मागणं: ओढ्याजवळ भाड्याने खोली घेईन, दर गुरुवारी मला तुमच्याबरोबर येऊ द्या, गुडघ्याला झेपतील तेवढी रोपं वाहीन.

संघाची सभा झाली. पेज नव्हती. दानपत्र मोठ्याने वाचलं, सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं, वरची बाजू विशेष निरखून. जमीन घ्यायची, हे एकमताने ठरलं. मग तुझं मागणं वाचून दाखवलं. शेवटी नांग बास्यांग म्हणाली, "भाऊ तुझा. ठरव तूच."

मी फादरकडे गेलो. ते म्हणाले, क्षमा कर. मी म्हणालो, करीन फादर, पण मला आधी एक पत्र लिहायचंय. ते मला फार वर्षांपासून ओळखतात. त्यांनी पुढे विचारलं नाही.

तर ऐक.

पहिली दोन-तीन वर्षं मी खरोखर तुझ्या नावाने खड्डे खणले. मग एक गुरुवार असा आला की घरी येऊन पाय धुताना लक्षात आलं, आज तुझं नाव घ्यायचं राहून गेलं. मी घाबरलो. दुसऱ्या गुरुवारी दुप्पट घेतलं. पण असे गुरुवार वाढतच गेले. रोप सोपटातून सोडवायचं, मुळं सरळ करायची, मातीत बसवायचं, भोवतीने बोटांनी दाबायचं, आणि हे करत असताना छातीतलं काहीतरी आपोआप सैल होतं. कुणाची परवानगी घेत नाही ते. रोसेंदाचीही नाही. ज्या हाताने रेघा मारल्या, त्याच हाताला दुपारी भूक लागते आणि रात्री झोप. नांग बास्यांगला वाटतं, तिने मला शिक्षा दिलीय. टोपलीनेच मोकळं वाटतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायचं धाडस होत नाही. बहुधा तिलाही ते माहीत आहे आणि तिनेही मला सांगितलेलं नाही.

तुला तेच हवंय, मानोय. जमीन देऊन तू ते मागतो आहेस. जिथे घर बांधता येत नव्हतं ती जमीन दिलीस, म्हणून तुझं दान खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरं आहे, हे मला दिसतंय. म्हणूनच तर. तू इथे आलास, तर दोन पावसाळ्यांत तुझी बोटं शिकतील. तू कुठल्या तरी रोपाशेजारी ओणवा बसशील, घाम पुसशील, वर बघशील आणि तुला बरं वाटेल. सात जणींच्या वर, त्याच उतारावर, तुला बरं वाटेल. मला बरं वाटलं, ते काही केल्या परत करता येत नाही. तुझं मात्र माझ्या हातात आहे.

संघातर्फे कळवतो: आपण दिलेली दोन हेक्टर जमीन संघाने स्वीकारली आहे. तीवरील रानाची निगा संघ यापुढेही राखील. लागवडीच्या कामात सहभागी होण्याची आपली विनंती नामंजूर करण्यात आली आहे.

सेबूत राहा. वहिनींना जप. इकडे आलास तर ओढ्यापलीकडचा, टपालवाला थांबतो तो रस्ता सगळ्यांचा आहे, तिथून रान पूर्ण दिसतं. संध्याकाळी पक्षी परततात तेव्हा चांगलं दिसतं. बघायला मी मना करू शकत नाही. ओढा ओलांडायचा नाही. एकाही रोपाला हात लावायचा नाही.

मी मेल्यावर पुढच्या अध्यक्षाला विचार.

अनास्तासियो काबाहुग
अध्यक्ष, हिनाबायान मूळवृक्ष लागवड संघ

सोबत: जमीन स्वीकारल्याची पावती, एक प्रत